वरची फट

ओढ्यावर मुळे धुऊन किनुए परतली आणि अंगणातच थबकली. कोंबड्यांच्या जाळीचं पार गाठोडं झालं होतं. चारी बाजूंनी जाड प्लास्टिक, वरून प्लास्टिक, त्यावर गवती दोरीचे फेरे. नवऱ्याचा थोरला भाऊ तोकुझो शिडीवर उभा राहून शेवटची गाठ आवळत होता.

"बघ! मुंगीसुद्धा शिरायची नाही."

"आणि वाफ कुठून बाहेर पडणार, दादा?"

"वाफेचं काय घेऊन बसलीस? गेल्या हिवाळ्यात तीन गारठून मेल्या तुझ्या."

गारठून! किनुएने मुळ्यांची टोपली दाणकन आपटली. त्या तिघींना तिने मांडीवर घेतलं होतं. तुऱ्यांची टोकं काळी, छातीत घरघर, पायाखालचं तूस चिंब. त्यांच्याच श्वासाचं पाणी प्लास्टिकवरून ठिबकत होतं आणि पहाटे तुऱ्यांवर गोठत होतं. हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण बर्फाआधी वडीलधाऱ्याने बांधलेली गाठ बर्फ वितळेपर्यंत दुसऱ्याने सोडायची नाही, अशी गावाची रीत. सोडली तर त्याच्या थोबाडीत मारल्यासारखंच. म्हणून ती हात बांधून बसली. त्या बसण्याचा राग दहा महिने, लोणच्याच्या मुळ्यांसारखा, पिंपात दगडाखाली मुरत होता. अर्धा दादावर, अर्धा स्वतःवर.

दारातून नवरा, जिनसाकू, हळूच म्हणाला, "जाऊ दे ना गं. दादा सकाळपासून राबतोय. सूप गरम कर."

"तुमचा गुडघा दुखतो म्हणून त्यांना चढावं लागतंय. जीभ दुखत नाही ना तुमची? तिला जरा विश्रांती द्या."

मग तिने शिडी धरली. "दादा, बर्फ अडवायला घराभोवती फळ्या लावता, तेव्हा वर हातभर जागा का सोडता?"

"म्हणजे काय? माणसं गुदमरतील."

"आणि या?"

"कोंबडीला पिसं असतात."

"पिसं असतात म्हणून नाक नसतं?"

तोकुझो खाली उतरला. त्याचे कान लाल झाले होते. "चाळीस वर्षं बांधतोय मी. अख्खं गाव मला बोलावतं."

"गाठ तुमची, मी हात लावणार नाही." तिने दोरीच्या फेऱ्यांखालचं जाळीचं बुटकं दार उघडलं. "आत बसा. मी मुळे टांगून येते, तोवर."

"वेडी झालीस?"

"मुंगी शिरत नाही म्हणालात. तुम्ही शिरा."

जिनसाकू हसला आणि लगेच खोकू लागला. भावाचं ते हसणं ऐकून तोकुझो हट्टाने वाकला, आत गेला. किनुएने दार लावलं. पहिली मुळ्यांची माळ टांगून होते न होते, तोच आतून फडफड झाली, शिंक आली, मग शिवी. तोकुझो रांगतच बाहेर आला. विष्ठेच्या उग्र वाफेने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, टोपीवर थेंब होते.

"मागच्या वर्षी बोलली का नाहीस?"

"बोलले. चार वेळा. तुम्ही म्हणालात, बायकांना दोरीतलं काय कळतं."

तोकुझोने नाक पुसलं आणि तो शिडी चढला. डोंगरामागे ढग गडगडले. बर्फ पडायची ती खूण होती. त्याने स्वतःची गाठ स्वतः सोडली.

"एक वीत फट पुरे?"

"दोन. छपराच्या वळचणीखाली, आणि वाऱ्याच्या उलट बाजूला."

त्याने प्लास्टिकवर कमरेची सुरी चालवली. दीड वीत.

"दोन म्हटलं मी!" किनुए ओरडली.

सुरी पुन्हा चालली.