बर्फातली डबी

बुधवार. चव्वेचाळीस अंश.

“बर्फात?” नर्सनं डबी उचलली तसं खालून पाणी ठिबकलं. “अहो, अंगाशी धरून आणा म्हटलं होतं. बगलेत!”

एवोदिओनं टोपी काढून हातात घेतली. अठरा वर्षं तो अमेरिकेत, फिनिक्समधल्या छपरांवर कौलं बसवत होता. पाणी, जेवण, औषधं, सगळं बर्फाच्या पेटीत. गाडीत राहिलं की नासलं. वीर्याचा नमुनाही त्यानं दोन बाटल्यांच्या मध्ये जपून बसवला होता.

गाडीत त्याची बायको यादिरा आधी खूप हसली.

“पाच वर्षं मी सुया टोचून घेतल्या. मूल व्हावं म्हणून तुझी आई मलाच चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला लावते. आणि तुला एक डबी सांभाळता येईना?”

मग हसेना.

सोमवार. सेहेचाळीस.

दुसरा नमुना. बगलेत. एसी बंद. घाम डोळ्यांत.

“बर्फानं शुक्राणूंची हालचाल जाते, संख्या नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमची संख्याच कमी आहे, दोन्ही वेळा. उन्हाळा दरवर्षी लांबतोय आणि तुम्ही तापल्या छपरावर. उष्णता हे एक कारण असू शकतं. तीन महिने सावलीत काम करा. मग पुन्हा तपासू. खात्री देत नाही.”

तीन महिने. छपराखाली. तो?

मंगळवार. सत्तेचाळीस.

“डॉक्टरीण म्हणते म्हणून सावलीत?” मुकादम चेमो वरूनच ओरडला. वयानं लहान, तोंडानं मोठा. “काय रे, अंडी उबवायला बसणार?”

छप्पर हसलं. सगळंच्या सगळं.

“हो,” एवोदिओ म्हणाला. “तुझी पण दे. उबवतो.”

ताडपत्रीखाली कौलं कापायचं काम मिळालं. नवख्यांचं काम. हात करवतीवर, नजर वर. वर कुणीतरी ओळ वाकडी लावत होतं. त्याचे पाय आपोआप शिडीकडे जात. तो त्यांना परत आणी. दिवसातून दहा वेळा. आता त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. ‘कोंबडी, कौलं दे!’

गुरुवार. तेवढेच.

जेवणाच्या सुट्टीत चेमो खाली उतरला. करवत बंद व्हायची वाट पाहत उभा राहिला.

“काय हवंय?”

“काही नाही.” चेमो छपराकडे बघत राहिला. लग्नाला सहा वर्षं झाली होती त्याच्या. “ती डॉक्टरीण... बाईच आहे ना? तिच्यासमोर सगळं बोलावं लागतं?”

एवोदिओला बोलायला कितीतरी होतं. त्यानं कौलांच्या थप्पीवरची धूळ हातानं झटकली आणि बाजूला सरकला.

“बस,” तो म्हणाला. “उन्हात उभा राहू नकोस.”