माझ्या पडद्यावरचं ते एक अक्षर

मित्रांनो, मी एक जुना कलर सॉर्टर आहे, म्हणजे तांदूळ निवडणारं यंत्र. जन्म चीनमधला, पण गेली अकरा वर्षं तुमसरच्या राइस मिलमध्ये राबतोय. वरून तांदूळ पोटात घ्यायचा, कॅमेऱ्याच्या डोळ्यांनी दाणा न् दाणा तपासायचा आणि काळा दिसला की फुंकर मारून बाजूला उडवायचा. माझी नजर तेज, असं मी नाही, मालक वासुदेवराव सगळ्यांना सांगायचे.

एका गोष्टीची मात्र मला लाज वाटते. माझ्याआधी हेच काम धुरपताबाई सूप घेऊन करायच्या. मी आलो आणि त्यांच्या हाती झाडू आला. जाता-येता त्या माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या.

गेल्या महिन्यात विजेच्या गडबडीत माझं कार्ड, म्हणजे माझा मेंदूच, जळलं. नवं कार्ड बसलं आणि काय सांगू, पडद्यावर सगळीकडे चिनी अक्षरं! बसवणारा गेला तो गेलाच, फोनही उचलेना. मला चालवणारी कामिनी गोंधळून गेली. मी चार दिवस नुसता उभा.

"सोमवारी भंगारवाल्याले बोलावतो," वासुदेवराव म्हणाले. हे काय वय होतं माझं भंगारात जायचं?

"मालक, सोमवारपर्यंत मले वेळ द्या. मी वाचतो त्याले," कामिनी म्हणाली.

"चिनी वाचतं? तुले इंग्रजी तं धड येत नाही! बरं, वाच. पण सोमवार म्हणजे सोमवार."

पडद्यावर धान्यांची यादी होती. त्यातलं एक अक्षर कामिनीने फोनवर बोटाने काढलं: 米. उभी रेघ, आडवी रेघ, वर दोन टिकल्या, खाली दोन पाय. फोन म्हणाला, तांदूळ. झालं! ते अक्षर जिथे पहिल्यांदा दिसलं तिथे तिने बोट दाबलं आणि तांदूळ सोडला. अरे देवा, तो होता मका! मी इमानदारीने पिवळे दाणे शोधत बसलो आणि पांढराशुभ्र तांदूळ दिसेल तसा उडवून लावला. अर्धं पोतं वाया गेलेल्या दाण्यांत पडलं.

कामिनी रडकुंडीला आली. धुरपताबाई झाडू घेऊन आल्या. वाटलं, आता यांना आनंदच होणार. पण त्यांनी झाडू ठेवला आणि डोळे बारीक करून पडदा न्याहाळला. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण दाण्यादाण्यातला फरक ओळखण्यात उमर गेली होती.

"हे एकटं कुठं आहे वं पोरी? तीन ठिकाणी आहे, अन् दरवेळी बाजूले येगळंच काही. इथं माणूस हातपाय पसरून उभा आहे. इथं मधात दांडी अन् दोन थेंब. जोडीनं लिहून पाहा ना!"

कामिनीने जोडीने लिहिलं. पसरलेला माणूस म्हणजे 'मोठं'. ते जोडलं की 大米, आपला तांदूळ. थेंबवालं म्हणजे 'लहान'. ते जोडलं की 小米, राळं, ते बारीक पिवळं भरडधान्य. आणि एका मौल्यवान दगडाचं नाव जोडलं की 玉米, मका. नुसतं 米 म्हणजे साल काढलेला दाणा. कुठला दाणा, ते शेजारचं अक्षर सांगतं.

"बरोबरच आहे," धुरपताबाई हसल्या. "नुसतं 'भाऊ' म्हटलं तं अर्धा बाजार मागं पाहते. नाव जोडा लागते!"

कामिनीने बरोबर जोडी दाबली. तांदूळ आला आणि मी असा सुटलो म्हणून सांगू! काळे दाणे फटाफट बाहेर. वासुदेवरावांनी मूठभर तांदूळ तळहातावर पसरून पाहिला. "वा! भंगारवाल्याले सांगा, येऊ नको म्हणा." आनंदाने माझा पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरला असेल.

त्या दुपारी धुरपताबाईंनी जमिनीवरच्या कोंड्यात बोटाने 米 काढलं. सहाव्या खेपेला जमलं. त्यांनी आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं अक्षर. हात झटकून त्या म्हणाल्या, "कामिनी, आता माझं नाव शिकव मले."

मित्रांनो, जिचं काम मी हिरावलं तिनेच मला वाचवलं. म्हणून विनंती करतो, कळलं नाही म्हणून कशालाही टाकून देऊ नका, जवळ जाऊन नीट बघा. आणि तुमच्या घरात कुणाला शाळा मिळाली नसेल, तर त्यांच्यापुढे पाटी ठेवा. उशीर झाला म्हणू नका. धुरपताबाईंना एकसष्टावं लागलंय. काल त्यांचा 'धु' पहिल्यांदा बरोबर आला आणि माझ्याशेजारी उभ्या राहून त्या स्वतःच टाळ्या वाजवत होत्या.