मी सतरंजी आणि शरदिनीकाकूंचा मंगळवार

मित्रांनो, माझ्यावर तुम्ही कधी ना कधी बसला असाल. माझ्यावर नाही, तर माझ्या एखाद्या बहिणीवर. मी एक जुनी सतरंजी आहे, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, अंगाने जाड आणि लांबीला भरपूर. काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत जे मराठी मंडळ आहे, त्याची मी. इथले लोक मला 'दरी' म्हणतात आणि मी त्या नावालाही ओ देते. मी थोडी तोऱ्यात बोलते, हे आधीच सांगून टाकते. साऱ्या गल्लीचा भार जिने अंगावर घेतला, तिला एवढा तोरा चालतो.

माझा जन्म मिर्झापूरकडच्या एका खेड्यात झाला. दोन भाऊ मागावर शेजारी बसून मला विणत आणि विणताना सारखे भांडत. भांडण जुंपले की त्यांचे ठोके जोरात पडत, म्हणून माझी वीण इतकी घट्ट झाली. भांडणाचा असा फायदा मी पुढे फार थोड्या वेळा पाहिला.

काशीला आले आणि कामाला लागले. गणपतीत माझ्यावर आरत्या झाल्या, मुंजीत पंगती बसल्या, कीर्तनाला आलेली मुले माझ्यावरच झोपून गेली. माझ्यावर कोणाला पहिली रांग नाही आणि शेवटचीही नाही. कोणी उशिरा आले की एकच वाक्य ऐकू येई, "जरा सरका." लगेच सगळे सरकत आणि जागा होई. माणसे केवढी सरकू शकतात, हे तुम्हाला माझ्याइतके कोणी सांगू शकणार नाही.

मंगळवार माझा आवडता वार होता. त्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बायका मंगला गौरीच्या दर्शनाला जात आणि परत आल्या की माझ्यावर बसून भजने म्हणत. त्यात शरदिनीकाकू पुढे असत. आवाज खणखणीत, टाळ हातात आणि एक मांडी मोडून बसण्याची अशी ढब, की डोळे मिटूनही मी त्यांना ओळखले असते.

मग प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या आल्या. मला घडी घालून इंदूताईंच्या माळ्यावर टाकले. इंदूताई म्हणजे मंडळाच्या जुन्या चिटणीस, शाळेतून निवृत्त झालेल्या. माळ्यावर मला झुरळांनी कुरतडले आणि दोन-तीन ठिकाणी चांगली भोके पडली. माझ्यावर कोणी बसत नाही, याचे मला फार वाईट वाटे. रडू येत नाही म्हणून, नाहीतर माळा भिजला असता.

गेल्या जेठात, म्हणजे ज्येष्ठाच्या उन्हात, गल्लीत एक गोष्ट घडली, ती मी माळ्यावरूनच ऐकली. मंगला गौरीच्या वाटेवर एक जुने घर उतरवून टाकले होते. आमच्या गल्ल्या अरुंद, दोन्हीकडच्या घरांची सावली एकमेकांवर पडते, पण त्या घराच्या जागी एकदम आभाळ उघडे पडले होते. भर दुपारी शरदिनीकाकू दर्शनाला निघाल्या आणि नेमक्या तिथेच त्यांना लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली. चक्कर येऊन त्या तापलेल्या फरशीवर कोसळल्या. आठवडाभर अंथरुणाला खिळल्या होत्या. तेव्हापासून त्यांचा मुलगा यज्ञेश, जो बँकेत आहे, त्यांना दुपारी बाहेर पाऊल टाकू देईना. "आई, डॉक्टरने मना किया है ना," एवढे म्हणून तो दार ओढून घेई. काकूंचा मंगळवार बंद झाला. टाळ खुंटीला लागले.

यंदा उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा शहराच्या कचेरीतून देवयानी नावाची एक मुलगी गल्लीत आली. ती इंजिनियर होती. रेल्वे कॉलनीत वाढलेली, त्यामुळे मराठी बोलताना मधेच हिंदीत शिरायची. शहराने वाढत्या उन्हासाठी आराखडा केला होता आणि प्रत्येक मोहल्ल्याने आपल्याला काय हवे ते स्वतः सांगायचे होते. सावली, पाणी, जे काही गरजेचे असेल ते. मात्र बायका-पुरुषांनी एकत्र बसून ठरवायचे आणि अक्षय्य तृतीयेच्या आत कळवायचे. नाहीतर पाळी पुढच्या वर्षावर जाणार होती.

पहिली सभा खुर्च्यांवर झाली. मी अजून माळ्यावरच, पण खिडकी उघडी होती. पहिल्या खुर्चीवर विश्वेश्वरशास्त्री बसले, कारण ते गल्लीतले सर्वांत थोर पंडित. दुसऱ्या खुर्चीवर कोणी बसायचे, यावरून बराच वेळ गेला. बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या, कारण उरलेल्या खुर्च्या मागे होत्या आणि मागून काही ऐकू येत नव्हते. शेवटी शास्त्रीजी म्हणाले, "गल्लीच्या तोंडाशी एक भव्य कमान हवी. दिव्यांची. वर गल्लीचं नाव."

देवयानीने विचारले, "शास्त्रीजी, कमानीने सावली मिळेल का?"

"मिळेल की. कमानीखाली."

"तिथे तर एकच माणूस उभा राहू शकेल."

यावर शास्त्रीजी काही बोलणार, तोच गल्लीत सांड शिरला, चांगला धिप्पाड मोकाट वळू. आमच्या गल्लीत सांड शिरला की सभा, वरात, भांडण, सगळे बाजूला होते. प्रत्येक जण आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन जवळच्या पायरीवर चढला. सांड शांतपणे निघून गेला, पण सभा काही पुन्हा बसली नाही. देवयानी ओट्यावर टेकली. तिचा चेहरा इतका उतरला होता, की इंदूताईंनी तिला आत बोलावून पाणी दिले.

"कमान या आराखड्यात बसतच नाही, मावशी," ती म्हणाली. "आणि दुसरं काही ठरलं नाही तर यंदा ही गल्ली तशीच तापणार. बायका तर एक शब्द बोलल्या नाहीत."

"मीटिंगला बोलावलंस म्हणून नाही बोलल्या," इंदूताई म्हणाल्या. "चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे माझ्याकडे. त्याला ये. कागद पिशवीत ठेव आणि पन्हं पी."

मित्रांनो, त्याच आठवड्यात मला माळ्यावरून खाली काढले, पण आनंदाने नव्हे. इंदूताईंच्या हातात कात्री होती. मला कापून पायपुसणी करायची होती! माझे सारे धागे गारठले. पण बोलावलेल्या बायका पुष्कळ आणि खोलीत खुर्च्या मावेनात. इंदूताईंनी कात्री खाली ठेवली. "एवढी एक वेळ बस बाई," त्या मला म्हणाल्या. मी अशी पसरले की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत!

गौर पाळण्यात बसली होती. कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे, पन्हे. गल्लीतल्या सगळ्या जणी आल्या. शेजारची शबनम, जिचे शिलाईचे दुकान आहे, तीही आली आणि तिने पन्ह्याचे दोन पेले रिकामे केले. संध्याकाळ व्हायला अवकाश होता, पण घर जवळच असल्यामुळे यज्ञेश डोक्यावर छत्री धरून शरदिनीकाकूंना घेऊन आला. कितीतरी दिवसांनी ती मांडी माझ्यावर टेकली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

देवयानीने काही विचारलेच नाही. ती नुसती म्हणाली, "किती गरम होतंय." एवढे पुरले. कोणी सांगितले, वरच्या मजल्यावर रात्री भिंतीसुद्धा गरम वाफा सोडतात. शबनम म्हणाली, "अरे बिटिया, दोपहर में गली में एक घूँट पानी नहीं मिलता." मग शरदिनीकाकू बोलल्या. 

"मी पडले तिथे मला बसायलासुद्धा सावली नव्हती," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही नको. मंगळवारी देवीपर्यंत चालत जाता यावं आणि चालत परत यावं. घरात बसून बसून मी भजनं विसरायला लागले आहे गं."

तेवढ्यात पन्ह्याच्या वासाने विश्वेश्वरशास्त्री दारात येऊन उभे राहिले. "बसायचं तर खाली बसा," इंदूताईंनी सांगितले, आणि बायका सरकल्या. शास्त्रीजी बसले. कमानीचा विषय त्यांनी पुन्हा काढलाच. त्यांचाही दोष नव्हता. ते पहाटे पंचगंगेवर स्नानाला जात आणि ऊन चढायच्या आत घरी येत. दुपारची गल्ली त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

शबनम हसून म्हणाली, "पंडितजी, अभी ज़रा बिना खड़ाऊँ उस टूटे मकान तक हो आइए ना."

"त्यात काय मोठंसं?" म्हणून शास्त्रीजी उठले आणि ताठ मानेने अनवाणी निघाले. सगळ्या बायका खिडकीशी जमल्या. जाताना ते चालत गेले. परत आले ते उड्या मारत! एकदा डावा पाय, एकदा उजवा, धोतराचा सोगा हातात, तोंडाने "शिव शिव शिव". दारातून आले ते थेट माझ्यावर. त्यांचे तळवे असे भाजले होते की मलाच चटका बसला. खोलीत हशा पिकला. शास्त्रीजीही आधी रागावले आणि मग पोट धरून हसले.

"कमान रद्द," ते म्हणाले. "शरदिनी, तू या फरशीवर पडली होतीस? आणि आम्ही दिवे मागत होतो!"

पन्हे संपायच्या आत सारे ठरले. मंगला गौरीपर्यंत कापडी सावली, वाटेत पाण्याचे माठ, आणि गच्च्यांना पांढरा चुना, तो गल्लीने स्वतः लावायचा. देवयानीने तेव्हा कुठे पिशवीतून कागद काढला आणि माझ्यावर बसूनच लिहिला.

पुढचे दिवस फार मजेचे गेले. चुना लावताना गल्लीतली निम्मी माणसे पांढरी झाली. शास्त्रीजींनी माठावर पळीपेला ठेवला आणि जाता-येताना पाणी आहे का ते पाहू लागले. कचेरीतून कापडाचे लांब पट्टे आले. घाटावरच्या नाविकांनी ते होडीच्या दोरांनी या घरापासून त्या घरापर्यंत बांधले.

पण मित्रांनो, जिथे ते घर उतरवले होते, नेमके तिथे कापड कमी पडले. देवयानीने मागवलेले नवे कापड पुढच्या आठवड्यात येणार होते. आणि उद्या मंगळवार होता. शरदिनीकाकू ठेवणीतली साडी काढून बसल्या होत्या. यज्ञेश म्हणाला, "आई, अगले मंगलवार चलेंगे. नक्की." काकू "बरं" म्हणाल्या आणि साडीची घडी पुन्हा घालू लागल्या.

ते पाहून इंदूताई तडक घरी आल्या आणि मला उचलले. शबनमने माझ्या भोकांना ठिगळे लावली, तिच्या दुकानातल्या रेशमी तुकड्यांची. मला दोर बांधले आणि वर ओढले. मी घाबरून गेले. जन्मभर मी जमिनीला धरून राहिलेली. पण दोर ताणले गेले, खाली पाहिले, आणि काय सांगू! आजवर मी माणसांचे पाय तेवढे ओळखत होते. त्या दिवशी मला त्यांची डोकी दिसली. भांगातले कुंकू, शबनमची ओढणी, शास्त्रीजींची शेंडी, सारे वर बघणारे.

मंगळवारी दुपारी शरदिनीकाकू निघाल्या. हातात टाळ. यज्ञेश छत्री घेऊन मागे, पण छत्री मिटलेली. माझ्याखाली येऊन त्या थांबल्या. यज्ञेश घाबरून पुढे धावला. काकूंना चक्कर आली नव्हती. त्यांनी वाकून आपला तळवा फरशीवर ठेवला, त्याच जागेवर. फरशी गार होती. मग त्यांनी वर पाहिले.

"अगं इंदू, ही तर आपली सतरंजी!" त्या म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी टाळ वाजवले. दोन ओळी म्हटल्या. तिसरी आठवेना, तर मागून शबनमसकट सगळ्यांनी हसत टाळ्यांचा ताल धरला. मग त्या चालत देवीला गेल्या, आणि चालत परत आल्या.

पुढच्या आठवड्यात नवे कापड आले. शास्त्रीजी म्हणाले, "ते घाटाच्या पायऱ्यांकडे लावा, तिथेही माणसं चालतात. हिला इथेच असू दे." देवयानीने हसून मान डोलावली.

तर मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला खाली काढा. झटका, ऊन दाखवा, भोके शिवा. तिच्यावर शेजाऱ्यांना बोलावून बसा, आणि जे कधी बोलत नाहीत त्यांच्या हातात आधी पन्ह्याचा पेला द्या. माझी एक विनंती आहे. आभाळ भरून आले की मला आठवणीने उतरवा, भिजले की मी फार जड होते. आणि गणपतीत मला पुन्हा खाली अंथरा. शरदिनीकाकूंची ती तिसरी ओळ मला बसून ऐकायची आहे. कोणी उशिरा आले तर काळजी करू नका. जरा सरका, जागा होते.