मेजरांचा दुसरा गिअर

मेजर कधीच फौजेत नव्हते. विमा कंपनीच्या रेकॉर्ड खात्यात फायली लावता लावता त्यांची उमर सरली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका भंगारवाल्याकडून महायुद्धातला लष्करी ट्रक उचलून आणला, आणि गल्लीनं त्यांना मेजर म्हणायला सुरुवात केली. लोक थट्टेनं म्हणत. त्यांनी ते मनावर घेतलं.

ट्रक आला तेव्हा बॉनेटखाली पाखरांची घरटी होती. मेकॅनिकनं इंजिन उतरवलं, जाम झालेले पिस्टन सोडवले, ब्रेकच्या नळ्या बदलल्या. मेजरांनी स्वतःकडे 'अस्सलपणा' हे खातं ठेवलं. सरळ खाचेचे जुन्या काळातले स्क्रू शोधण्यात त्यांचे अकरा महिने गेले, आणि मेकॅनिकनं चुकून फुलीच्या खाचेचा एक बसवला म्हणून त्यांनी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला. हिरव्या रंगाच्या नऊ छटा न्हाणीघराच्या दारावर फासून झाल्या. हळूहळू घरातही लष्कर शिरलं. चहा सोळाशे वाजता हवा असायचा.

"चारला मिळेल," बायको म्हणायची.

ही बायको सव्वीस वर्षं शहरातली बस चालवून निवृत्त झाली होती. चार वर्षांत मेजरांनी ट्रकबद्दल तिला एकच गोष्ट विचारली होती, ताडपत्री शिवून देशील का?

"अहो, एकदा चालवून तरी बघा," टाके घालताना ती म्हणाली. "या जुन्या गाड्यांचे गिअर सुखासुखी पडत नाहीत."

"पुस्तकात आहे सगळं. आणि टायर झिजले तर? अस्सल नक्षीचे आहेत ते!"

जुन्या लष्करी गाड्यांच्या क्लबची संचलन-स्पर्धा ठरली, तेव्हा ट्रक ट्रेलरवर चढवून मैदानात नेला गेला. सलामी घ्यायला क्लबचे अध्यक्ष उभे होते. व्यवसायानं दंतवैद्य, पण टोपी सेनापतीची. मेकॅनिक म्हणाला, "मी चालवू का?" मेजरांनी त्याच्या जीन्सकडे नुसतं पाहिलं, आपल्या गणवेशाची बटणं चाचपली आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसले.

पहिल्या गिअरमध्ये ट्रक ऐटीत निघाला. दुसऱ्यासाठी मेजरांनी दांडा ओढला आणि असा कर्रर्र आवाज झाला की अध्यक्षांनी सवयीनं स्वतःचा जबडा धरला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला इंजिनच बंद पडलं. मागच्या जीपा हॉर्न मारू लागल्या.

तेवढ्यात दार उघडलं. बायको पायरीवर उभी होती, अंगात घरचा स्वेटर.

"सरका."

"अगं, गणवेश—"

"सरका म्हणते ना!"

मेजर सरकले. तिनं इंजिन चालू केलं, पहिल्यात ट्रक हलवला, मग क्लच दाबला, सोडला, जरा वेग दिला, पुन्हा दाबला. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. सगळं संचलन तिनं असं पार पाडलं, जणू पुढच्या थांब्यावर माणसं ताटकळलीत. मेजरांनी शेजारून ताठ मानेनं सलाम ठोकला.

निकाल सांगताना अध्यक्ष म्हणाले, "ट्रक उत्तम. पण बाई चालक! अस्सलपणात बसत नाही. पाच गुण कमी."

मेजरांनी बगलेतलं पुस्तक काढलं. "पान एकशे बारा. युद्धात बायकांनी ट्रक चालवले, हा फोटो. उलट तुमच्या जीपचा आरसा प्लॅस्टिकचा आहे, तो कशात बसतो?"

बरीच वादावादी झाली. शेवटी कपात एका गुणावर आली, ती स्वेटरसाठी. ट्रकला दुसरा क्रमांक मिळाला.

परत जाताना बायकोनं ट्रेलर नाकारला. "चालतोय की! ओझं कशाला करायचं?" वाटेत गोदामामागच्या मोकळ्या आवारात तिनं ट्रक थांबवला आणि खाली उतरली. "या इकडे."

मेजरांनी आढेवेढे घेतले, टायरांकडे पाहिलं, मग मुकाट्यानं स्टिअरिंगमागे बसले. ती शेजारी बसून सांगत होती, ते करत होते. सात वेळा दात खाऊन झाल्यावर आठव्यांदा गिअर आवाज न करता पडला.

"पडला! अगं, पडला!" मेजर पोरासारखे ओरडले आणि कौतुकाच्या आशेनं तिच्याकडे वळले.

"छान," ती म्हणाली. "आता पुढे बघा. भिंत आहे."