गावाला गेलेलं कुटुंब

होम लोन घ्यायचं ठरवलं आणि गोवंडीतल्या आमच्या गल्लीतला प्रत्येक माणूस बँक मॅनेजर झाला. ज्यांनी आयुष्यात बँकेत पाऊल ठेवलं ते फक्त पासबुक भरून घ्यायला, तेही मला अडवून विचारणार, "व्याज फिक्स घेतेस की फ्लोटिंग?" विहाराची लायब्ररी सांभाळणारे नाना म्हणाले, सरकारी बँकेतच जा, व्याज कमी. माझा भाऊ नितेश म्हणाला, सरकारी बँकेत चपला झिजवशील, प्रायव्हेटमध्ये जा. दोघांपैकी एकानेही कधी लोन घेतलेलं नाही. आणि माझा नवरा प्रितम दोघांनाही म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." साकीनाक्याला लेथ मशीनवर केसाएवढं माप चुकू न देणारा माणूस, पण घरात आला की त्याला हो आणि नाही यातला फरक कळत नाही.

मला मुंबईच्या पार दुसऱ्या टोकाला, चारकोपला बघितलेली ती खोली हवी होती. एक खोली आणि किचन, तिसरा मजला, खिडकी उघडली की नुसती हवा आत येते. आमच्याकडे खिडकी उघडली की डंपिंगवरच्या जळत्या कचऱ्याचा धूर येतो. माझी संबोधी नऊ वर्षांची आहे आणि दम लागतो म्हणून अर्धी झोप बसून काढते. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं, औषध मी देतो, हवा तुम्ही बदला. म्हणून मी लग्नातल्या बांगड्या मोडल्या आणि एक लाखाचं टोकन दिलं. मालकाने पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंतची मुदत दिली. त्याच्या आत बँकेचं मंजुरीपत्र आणलं नाही, तर खोली दुसऱ्याला आणि माझं टोकन गेलं.

शेवटी घाटकोपरच्या श्यामकांत सरांकडे गेले. ते लोनची कामं करून देतात. माणूस तुसडा, पण पहिल्यांदाच कोणीतरी माहीत असलेलं बोलत होतं. "एकाच बँकेत अर्ज टाका. पाच ठिकाणी टाकलात तर पाचही जण तुमचा क्रेडिट स्कोअर तपासणार, आणि तो खाली येणार. फ्लोटिंग घ्या, मधे बोनस आला तर भरून टाकता येतो, दंड लागत नाही. आणि ताई, तुमचं नाव अर्जात आणि खोलीच्या कागदांवरही घाला, तुमचा पगार धरला तर लोन जास्त बसेल." एवढंच सांगायला गल्लीने महिना खाल्ला होता.

मग कागद सुरू झाले. स्टेटमेंट दिलं तर म्हणे शिक्का हवा. शिक्का आणला तर म्हणे आता महिना बदलला, नवीन काढा. मी लॅबमध्ये कामाला, दर वेळी अर्धा दिवस पगार कापून जायचं. प्रितमच्या मालकाने पत्रावर सही केली ती पेन्सिलने. पेन्सिलने. मी प्रितमला विचारलं, तू बघितलं नाहीस? तर म्हणतो, "बघितलं गं, पण त्यांना परत कसं सांगायचं?" तेव्हाच मी हात टेकायला हवे होते.

अठरा तारखेला मेसेज आला, अर्ज नामंजूर. मी लॅबच्या जिन्यात उभं राहून सरांना फोन लावला.

"ताई, तुमच्या पत्त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय," ते म्हणाले. "बँकेचा माणूस घर बघायला आला होता, कुलूप होतं. त्याने शेजारी विचारलं. शेजारीण म्हणाली, ते लोक दोन वर्षांपूर्वीच गावाला गेले, आता परत येणार नाहीत."

"कोण शेजारीण?"

"नाव लिहिलंय. शांताबाई, वय अंदाजे पासष्ट."

माझं डोकंच फिरलं. शांतामावशी म्हणजे आमच्या आणि तिच्या घरामध्ये फक्त एक पत्रा. संबोधी शाळेतून आली की तिच्याकडेच जेवते. त्या दिवशी कामावरून आले ती चप्पल न काढता तिच्या दारात उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. मावशी गवार मोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तूच शिकवलंस ना मला?"

आणि हे खरं होतं. लॉकडाउनमध्ये प्रितमचं काम बंद पडलं, बाइकचे हप्ते थकले, तेव्हा वसुलीवाले दारात येऊन आवाज चढवायचे. मीच मावशीला धडा पाठ करून घेतला होता. बॅग लटकवून कोणी नाव विचारत आला, की आम्ही गावाला गेलो. कुठलं गाव विचारलं तर जालना सांग, आम्ही वाशिमचे. हप्ते कधीच फिटले, स्कोअर सुधारला, बाइकसुद्धा विकली. मावशीला मात्र कोणी सांगितलं नाही की आम्ही गावाहून परत आलो.

वर नाना अभिमानाने म्हणतात, "काही म्हण, आपल्या गल्लीत माणूस माणसाला धरून आहे." मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

सरांनी बँकेत कुणाच्या तरी हातापाया पडून सव्वीस तारखेला दुसरी तपासणी लावून घेतली. "या वेळी तुमच्या गल्लीला कृपा करून खरं बोलायला सांगा," ते म्हणाले. मी घरोघर फिरले. खरं बोला म्हणून सांगणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. नाना प्रितमला इंजिनिअर करून टाकायला निघाले होते. एकजण म्हणाला, मी सांगतो यांची गावाला वीस एकर आहे. मी सगळ्यांना दम दिला की कोणी एक शब्द जास्तीचा बोललात तर माझ्याशी गाठ आहे. मावशीला सांगितलं तेव्हा ती नुसती मान हलवून आत गेली.

सव्वीसला रजा टाकून घरी बसले. बँकेचा माणूस आला, लाइट बिल बघितलं, फोटो काढला आणि पलीकडे गेला. मी पत्र्याला कान लावला.

"शेजारचे लोक इथेच राहतात का?"

कुकरची एक शिट्टी झाली. आता ही जालना म्हणते की काय?

"राहतात," मावशी म्हणाली. "चौदा वर्षं झाली."

"माणसं कशी आहेत?"

"ती भांडकुदळ आहे. तो गरीब आहे बिचारा. पण कुणाचा पैसा बुडवणारे नाहीत."

"खोली घेऊन भाड्याने देणार का?"

"नाही. राहायलाच जाणार. पोरीला इथला धूर सोसत नाही. जायलाच पाहिजे त्यांना."

एकोणतीसला दुपारी मंजुरीचं पत्र आलं. सरांनी फोनवर पहिल्यांदा हसून अभिनंदन केलं, प्रितम कारखान्यातूनच रडला. खोलीच्या मालकाला पत्र पाठवलं आणि पेढे घेऊन आधी मावशीकडे गेले. जे बोलले होते त्याची लाज वाटत होती, म्हणून म्हटलं, "चूक माझीच होती गं. मीच तुला खोटं शिकवून ठेवलं, तुला बिचारीला काय माहीत तो बँकेचा होता ते."

मावशीने पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"त्याच्या गळ्यात कार्ड होतं," ती म्हणाली. "सातवी झालीये माझी. बँकेचं नाव मी वाचलं होतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मावशी, माझं लाख रुपये टोकन होतं. पोरीचा श्वास होता."

"माहीत आहे. म्हणून तर दुसऱ्यांदा खरं बोलले. पहिल्यांदा नाही जमलं मला."

मी भांडले तिच्याशी. चांगलं अर्धा तास भांडले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तीही भांडली, माझी जुनीपुराणी सगळी उणीदुणी काढली. मधे संबोधी आली, पेढा घेतला आणि नेहमीसारखी तिच्याच मांडीवर जाऊन बसली. मावशीने शेवटपर्यंत चुकलं म्हटलं नाही. मीही दर रविवारी येत जाईन म्हटलं नाही. चारकोप गोवंडीपासून किती लांब आहे, ते आम्हाला दोघींनाही माहीत होतं.