सगळ्यांच्या सणांचा खांब

मी खांब बोलतोय. असा तसा खांब नव्हे. ही चार मजली इमारत उभी आहे ती माझ्या जिवावर. मी नुसती कूस बदलली, तर गच्चीवरच्या टाकीसकट सगळं बिऱ्हाड तळमजल्यावर येईल!

बरं, खरं सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही टिचकी मारून बघाल आणि माझं हसं होईल. मी पोकळ आहे. माझ्या डोक्यावर एका विटेचाही भार नाही. वरच्या सगळ्या स्वयंपाकघरांचं सांडपाणी नेणारा पाइप माझ्या पोटातून खाली उतरतो आणि तो दिसू नये म्हणून मला उभं केलंय. नाव मोठं, लक्षण खोटं, ते मीच.

इमारत बांधून झाली तेव्हा मालक बघायला आला. प्रवेशदारातून आत पाऊल टाकलं तर समोर काळा पाइप. "पाहुण्यांनी आल्या आल्या आधी गटाराचं दर्शन घ्यायचं का?" म्हणून तो गवंड्यावर ओरडला. गवंड्याने उरलेल्या विटा पाइपाभोवती रचल्या, साफसफाईसाठी गुडघ्याच्या उंचीवर एक लाकडी झाकण बसवलं आणि बाकी अंगाला गिलावा फासला. काम झाल्यावर माझ्या गालावर थाप मारून म्हणाला, "मजा आहे लेका तुझी! काम काही नाही आणि रुबाब सगळ्यांत जास्त. साहेबच झालास की!"

शिक्षण म्हणाल तर अर्धवट. माझ्या छातीवर नोटिसा चिकटवत, त्या वाचून अक्षरओळख झाली. पण एका नोटिशीच्या खालच्या भागावर दुसरी नोटीस बसायची, त्यामुळे मला कुठल्याच गोष्टीचा शेवट ठाऊक नाही. "सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की" इथवर मी पंडित. पुढे काय कळवलं ते देव जाणे. तसं रहिवाशांनाही पुढचं कधी कळलेलं दिसलं नाही.

माझी पाठ एका खोलीच्या भिंतीला चिकटलेली आहे. त्या खोलीत शिवणवाल्या मावशी राहतात. एकट्याच. दिवसभर त्यांचं मशीन खडखडतं आणि माझं पोट गुडगुडतं. वरून कुणी मोरीत बादली ओतली की माझ्या पोटातून मोठ्ठा आवाज निघतो. मावशी सुईत दोरा ओवता ओवता म्हणतात, "झालं का सुरू तुझं? जरा गप बस, टीप वाकडी जाते." मी पुन्हा गुडगुडलो की म्हणतात, "उलट बोलतोस? मेल्या, तुझ्यापेक्षा माझा नवरा बरा होता. तो निदान झोपेत तरी गप्प असायचा!" नवरा गेल्यापासून त्यांचं भांडण माझ्याशीच चालतं. आणि खरं सांगू, एवढ्या इमारतीत मला मेल्या म्हणणारं तेवढं एकच माणूस.

बाकीच्यांना मी आठवतो तो सणावाराला.

ही प्रवेशाची जागा सगळ्यांची. पत्रपेट्या इथे, सायकली इथे, जिना इथूनच वर जातो. इमारतीत दोन धर्मांची माणसं राहतात. सुरुवातीला दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी त्यांच्या सणाला माझ्या पायाशी एक दिवा ठेवला. छान दिसला. मग चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या सणाला दोन दिवे ठेवले. तेही छान दिसले. पुढच्या वर्षी मास्तरांनी पुठ्ठ्याची कमान आणली, तर वहिनींनी कागदी तारे. कमानीला घुमट आला, ताऱ्यांना लुकलुकणारी माळ आली. देव दोघांचेही शांत बसलेले, भक्तांचीच चढाओढ. माझ्या अंगावर खिळे, चिकटपट्ट्या, तारा, आणि जुने खिळे झाकायला नवे खिळे. म्हातारपणी नवरदेवाला नटवावं तसं मला नटवत. मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या होत्या.

मीही काही कमी नव्हतो म्हणा. मास्तर सणाच्या दिवशी भाषण करत. "आता आपण सारे क्षणभर शांत उभे राहू," असं ते म्हणाले, की नेमकं तेव्हाच मला गुडगुडायला व्हायचं. माणसं डोळे मिटून ओठ चावत हसू दाबायची. वहिनींच्या प्रार्थनेलाही मी तशीच साथ दिली. एक आजीबाई तर म्हणाल्या, "ऐकलंत? होकार आला!" आता बाई, वर कुणीतरी भांडी घासत होतं, पण मी कशाला सांगू?

तेव्हा एक रीत होती. सण सरला की ज्याची सजावट त्याने उतरवायची. हळूहळू ती सैल झाली. लावायला सगळं घर खाली उतरायचं, काढायला मात्र कुणाची कंबर दुखायची, कुणाला पाहुणे यायचे. हौसेला वीस हात, आवराआवरीला एकही नाही.

यंदा गंमत झाली. मास्तरांचा सण ऋतू बघून येतो आणि वहिनींचा चंद्र बघून सरकत सरकत येतो. सरकता सरकता दोन्ही सण एकमेकांना येऊन भिडले. मास्तरांची कमान माझ्यासमोर उभी होतीच, तिच्यावरूनच वहिनींनी तारे आणि माळा ओढल्या, माझ्या गळ्यात बांधल्या. दोघंही फार गोड वागले. "अहो मास्तर, चालेल ना?" "अहो वहिनी, विचारता काय, तुमचं आमचं वेगळं आहे का?" मला त्या गोडव्यानेच धाकधूक वाटायला लागली. पोटावरचं झाकण कमानीमागे पार गडप झालं होतं.

सण झाले. फुलं वाळली. सजावट तशीच.

मास्तर म्हणायचे, "आम्ही आत्ता काढू हो, पण त्यांचे तारे वरून आहेत. दुसऱ्याच्या पवित्र वस्तूला आपण हात कसा लावायचा?" वहिनी म्हणायच्या, "माळा काढायला कितीसा वेळ लागतो? पण त्या त्यांच्या घुमटाला अडकल्यात. उगाच काही फाटलं, तर त्यांना वाईट वाटेल." ऐकणाऱ्याला वाटावं, काय हा आदर! पण मी दोघांचीही वर जाताना केलेली कुजबुज ऐकलीय. जिना चढताना माणसाला वाटतं, आता आपलं कुणी ऐकत नाही. मास्तर बायकोला म्हणाले, "आधी आपण काढलं, की त्यांचं कायमचंच झालं म्हणून समज." वहिनी फोनवर जाऊबाईंना म्हणाल्या, "छे गं, आधी त्यांनी काढावं. नाहीतर जागा गेलीच."

आणि इकडे माझं पोट तुंबलं.

दिव्यांचं तेल, मेण, चमचमत्या कागदाचे तुकडे, ताटांतलं खरकटं, सगळं दोन्ही घरांनी मोरीत धुतलं होतं. आधी माझं गुडगुडणं वाढलं, मग नुसतं घोगरं झालं, आणि एका सकाळी माझ्या पाठीच्या जुन्या भेगेतून काळं पाणी मावशींच्या खोलीत उतरलं.

मावशींकडे दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट शिवायला आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच एवढं मोठं काम. घड्या घालून भिंतीशी रचून ठेवलेले. पांढऱ्या कापडावर काळं पाणी! मावशी नुसत्या बघत राहिल्या. मला म्हणाल्याही नाहीत काही. ते मला फार लागलं.

मग त्यांनी बहिणीला फोन लावला. बहीण दुसऱ्या गावी असते, कधीपासून बोलावतेय. "येते म्हणते आता," मावशी म्हणाल्या. "ओलीत किती दिवस काढायचे? आणि इथे माझं अडतंय तरी कुणावाचून?"

माझी काय अवस्था झाली असेल! आणि मी करू काय? पुन्हा गुडगुडलो, तर आणखी पाणी.

मावशी इमारतीच्या समितीच्या चिटणीसांकडे गेल्या. हे चिटणीस म्हणजे चाव्यांचा जुडगा वाजवत फिरणारा भला माणूस. कुलूप मात्र एकही वेळेवर उघडत नाही. त्यांनी प्लंबरला बोलावलं. प्लंबर सळई घेऊन आला, माझ्यासमोर उभा राहिला, कमान बघितली, तारे बघितले आणि सळई खांद्यावर टाकून परत निघाला.

"अहो, चाललात कुठे?" चिटणीस म्हणाले.

"झाकण याच्यामागे आहे ना? मग हे काढून ठेवा आणि हाक मारा. मी गटारात हात घालतो साहेब, धर्मात नाही."

झालं, सभा बसली. माझ्यासमोरच, खुर्च्या मांडून.

"आमची काहीच हरकत नाही," मास्तर म्हणाले. "आधी वरचं निघू दे."

"आमचीही नाही," वहिनी म्हणाल्या. "आधी खालचं सैल होऊ दे."

"मग असं करू," चिटणीस म्हणाले, "एक नोटीस लावू."

मला हसू आवरेना, पण हसलो असतो तर मावशींच्या खोलीत पूर आला असता.

मावशी दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या आत गेल्या, कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आल्या. दोरीचं एक टोक जिन्याच्या कठड्याला बांधलं, दुसरं पत्रपेटीच्या कडीला. बरोबर माझ्यासमोरून, कमानीच्या आणि ताऱ्यांच्या पुढून. आणि त्यावर एकेक करून ते कोट टांगले. ओले, काळ्या डागांचे, वास मारणारे. कमान दिसेना की तारे दिसेनात. वीसेक डॉक्टर गटारात पडून आल्यासारखे ओळीने लोंबत होते.

"मावशी! हे काय?" मास्तर उठलेच. "ही पवित्र जागा आहे."

"हो ना," मावशी म्हणाल्या. "म्हणूनच इथे टांगले. माझी भाकरी आहे ती. माझ्यासाठी तेच पवित्र."

"अहो, पण वास येतोय," वहिनींनी नाकाला पदर लावला. "निदान बाजूला तरी घ्या."

"हात लावू नका हं, वहिनी," मावशी किती गोड बोलल्या! "दुसऱ्याच्या पवित्र वस्तूला हात लावू नये. मला वाईट वाटेल."

चिटणीसांनी चाव्या वाजवल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मग तुम्ही कधी काढणार?"

"मी? लगेच! आधी त्यांनी काढावं."

एवढी वर्षं उभा आहे, पण असा टोला मी ऐकला नव्हता. मुलं जिन्यावर बसून खिदळायला लागली. येणारा-जाणारा कोटांखालून वाकून जायचा आणि विचारायचा, "कुणाचा सण आहे हो?" मास्तरांच्या घरी व्याही आले, ते नाकाला रुमाल लावूनच वर गेले. तेवढं पुरे झालं. संध्याकाळच्या आत मास्तर आणि वहिनी दोघंही शिडी घेऊन उभे. मास्तरांनी घुमट धरला, वहिनींनी माळ सोडवली. मास्तर ताऱ्यांची टोकं मुडपू नयेत म्हणून जपत होते, वहिनी कमानीखाली हात देऊन उभ्या होत्या. एकालाही कळलं नाही, की आधी कुणी काढलं.

प्लंबर आला. झाकण उघडून त्याने सळई खुपसली आणि माझ्या पोटातून एक मोठा गोळा ओढून काढला. तेल, मेण आणि त्यात चमचमणारा सोनेरी कागद.

"हा तुमच्याकडचा," मास्तर म्हणाले.

"आमचा? आमचा रुपेरी असतो!" वहिनी म्हणाल्या.

पाहिलंत ना? मी सगळ्यांना हवा होतो, माझ्या पोटातला गोळा कुणालाच नको. प्लंबरने तो बादलीत टाकला आणि निघून गेला.

आता मी मोकळा आहे. अंगावर खिळ्यांची भोकं आहेत, चिकटपट्टीचे डाग आहेत, पण गळ्यात काही नाही. माझी एकच विनंती आहे: पुढच्या सणाला दिवा लावा, जरूर लावा, पण जमिनीवर लावा. मला राहू द्या. थकलो हो. आणि लावणाऱ्यानेच काढायची रीत पुन्हा सुरू करा, म्हणजे देवही जरा घरी जाऊन पाठ टेकतील.

पण मनासारखं सगळंच कुठे होतं! डाग काही गेले नाहीत. दवाखान्याने निम्मेच कोट घेतले. मावशींनी भिंत पुसली, खोली वाळवली. त्या बहिणीकडे चालल्यात, हे इमारतभर कळलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाने दारात डोकावून विचारलं, "आता कोरडं आहे ना, मावशी?" त्या "हो" म्हणाल्या. चिटणीसांनीही विचारलं, मास्तरांनी विचारलं, वहिनींनी विचारलं. कोरडं आहे ना, एवढंच.

आज सकाळी त्यांनी मशीनवर खोळ घातली, कात्री आणि रिळं पिशवीत भरली. पिशवी उचलून दाराशी गेल्या. मग परत आल्या आणि माझ्या भिंतीला पाठ टेकून बसल्या.

"काय रे, मेल्या," त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी भिंतीची चौकशी केली. जाऊ नका, असं एकानेही म्हटलं नाही. तू तरी म्हण."

मी सगळा जीव पोटात गोळा केला. तेवढ्यात वर कुणीतरी बादली ओतली. म्हटलं, आता असा गुडगुडतो, असा गुडगुडतो, की ऐकून पिशवी खाली ठेवतील! पण पोट साफ झालेलं. पाणी वरून आलं आणि सुळकन खाली निघून गेलं.

मावशींनी भिंतीला कान लावला.

"सुळकन?" त्या म्हणाल्या. "एवढंच? अरे, जा म्हणतोस की राहा म्हणतोस, ते तरी नीट सांग!"