पुढच्या खेपेला

वहिदाने प्रिझमची पट्टी म्हातारीच्या उजव्या डोळ्यासमोर धरली आणि एकेक काच सरकवत नेली. समोरच्या भिंतीवर एक दिवा होता. तो किती दिसतो, एवढंच सांगायचं होतं. दोन, म्हातारी म्हणाली. पुढच्या काचेलाही दोनच. चौथ्या काचेला ती काहीच बोलली नाही. आल्यापासून डाव्या खांद्याकडे कललेली तिची मान हळूहळू सरळ झाली.

"किती दिसतात?"

"एक," म्हातारी म्हणाली. "लगेच काढू नको."

खरं तर ती तपासायला आलीच नव्हती. आली होती तिची नात, आरती. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून. जूनमध्ये लातूरच्या दवाखान्यांमध्ये अशीच गर्दी असते. अकरावीचे वर्ग सुरू होतात, एकेका हॉलमध्ये दोन-अडीचशे पोरं बसतात आणि मागच्या बाकांवरच्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं की आपल्याला चष्मा लागला आहे. आरतीचा नंबर काढून झाला, तरी वहिदाची नजर बाकावर बसलेल्या आजीकडे जात राहिली. मान तशी कलती धरून कोणी उगाच बसत नाही. डोळा फिरवणाऱ्या नसेला मार लागला की एक डोळा वर चढतो, एकावर एक अशी दोन चित्रं दिसतात, आणि ती जुळवता जुळवता मानेला तीच सवय लागते. डोक्याला कधी मार लागला होता का, असं तिने विचारलं, तेव्हा म्हातारीने एका शब्दात सांगितलं: भूकंपात. लातुरात या उत्तरावर कोणी पुढचं काही विचारत नाही.

वहिदाने कागदावर त्या काचेचा आकडा लिहिला, आठ, आणि पट्टी बाजूला केली. म्हातारीची मान पुन्हा खांद्याकडे गेली.

"ही काचाची शिडी म्या वळखते," ती म्हणाली. "शेडात आणली व्हती. पाच खेपा. काच लावली की एक दिसायचं, अन् मंग तू काढून घ्यायचीस."

वहिदाने तेव्हा पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग कागदावरचं नाव वाचलं. साखराबाई.

भूकंपानंतरच्या जानेवारीत वहिदा एकवीस वर्षांची होती. नांदेडला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गुलाम रसूलची ही मुलगी डोळे तपासायचा कोर्स करून नुकतीच लातूरला नोकरीला लागली होती. डॉ. हालकुडे तेव्हा तरुण होते, हुशार होते, आणि त्यांना हात न थरथरणारं माणूस हवं होतं. बापाच्या दुकानात बसून बसून वहिदाचा हात तसा झाला होता. औसा तालुक्यातल्या पत्र्याच्या शेडांमध्ये राहणारी, डोक्याला मार लागून डोळे वाकडे झालेली एक्केचाळीस माणसं डॉक्टरांनी हुडकली होती. कोणाचा डोळा किती वाकडा आहे, आणि तो आपोआप किती महिन्यांत किती सुधारतो, हे दर तीन महिन्यांनी मोजायचं, असा तो अभ्यास होता. सुरुवातीला उपचार द्यायचा नव्हता. तेही बरोबरच होतं, कारण अशी नस पुष्कळदा आपली आपण बरी होते. वर्षभराने ज्यांचं उरेल त्यांना प्रिझम घातलेले चष्मे द्यायचे, असं योजनेत लिहिलेलं होतं. चष्मे कधी, असं शेडातली माणसं विचारायची. पुढच्या खेपेला, असं वहिदा सांगायची. डॉक्टर तिला तसंच सांगत, आणि तिचा विश्वास होता.

पाचव्या खेपेला मापं पूर्ण झाली. डॉक्टरांचा लेख परदेशात छापून आला, आणि त्या जोरावर ते दोन वर्षांसाठी इंग्लंडला गेले. जाण्याआधी वहिदाने, ज्यांचं दुखणं उरलं होतं अशा नऊ जणांची यादी करून त्यांच्या टेबलावर ठेवली होती. नाव, गाव, चष्म्यात किती प्रिझम घालायचं तो आकडा. पाहू, डॉक्टर म्हणाले. त्याच महिन्यात तिचा निकाह झाला. महिन्याभराने ती कामावर परतली तेव्हा यादी टेबलावर नव्हती. यादीचं काय झालं, हे तिने ना तेव्हा विचारलं, ना डॉक्टर परत आल्यावर. गेल्या पंधरा वर्षांत त्या नऊ नावांपैकी एकही तिला आठवलं नव्हतं. आठवलेच असतील तर आकडे.

साखराबाईचं माप घेतल्याचं तिने दुपारी डॉक्टरांना सांगितलं. आता तरी चष्मा करून देऊ, असं म्हणायला ती गेली होती. डॉक्टरांनी जुनी फाइल मागवली. आठ तेव्हाही आणि आठ आजही, हे पाहून ते खुर्चीतून उठलेच. त्यांनी सांगितलं की असं कोणाकडेच नाही. नसेला मार लागल्यावर सोळा वर्षं काहीही न करता डोळा कसा राहतो, हे जगात कोणी मोजलेलं नाही, कारण इतकी वर्षं कोणी रुग्णाला तसं सोडतच नाही. हे बोलताना त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. ते खरोखर आनंदात होते. बाकीच्या आठ जणांना शोधायला हवं, असं ते म्हणाले. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा माप घेईपर्यंत डोळ्याला काच लावायची नाही, नाहीतर आकडा बिघडेल.

वहिदा बाहेर आली. आजी आणि नात बाकावर वाट पाहत होत्या, दोघींमध्ये एका माणसाची जागा सोडून. पंधरा दिवसांनी या, असं तिने साखराबाईला सांगितलं. चष्मा मिळेल का, असं साखराबाईने विचारलं. पुढच्या खेपेला, वहिदा म्हणून गेली. शब्द तोंडातून सुटल्यावर तिला ते ऐकू आले.

त्या पंधरा दिवसांत तिने हैदराबादहून चष्म्यावर चिकटवायची प्रिझमची पातळ पापुद्र्यासारखी काच मागवली. घरी कोणाला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. ज्या दिवशी त्या दोघी आल्या, त्या दिवशी डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. वहिदाने आधी माप घेतलं. आठच. मग साखराबाईचा जुना, साध्या नंबरचा चष्मा मागून घेतला, काच कापून उजव्या भिंगावर चिकटवली, आणि चष्मा तिच्या नाकावर नीट बसवला.

"जिना उतरून बघा, मावशी. कठडा धरू नका."

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. साखराबाई चार पायऱ्या उतरली, थांबली, उरलेल्याही उतरली आणि वर आली. तिची मान सरळ होती. ती खुर्चीत बसली. समोर आरती वहीत काहीतरी लिहीत होती. साखराबाई तिच्याकडे बघत राहिली, इतकी की शेवटी आरतीने वही मिटली.

"ही शेडात जन्मली," साखराबाई म्हणाली. ती वहिदाशी बोलत होती, पण बघत होती नातीकडे. "माझा ल्योक व्यंकट भिंतीखाली गेला त्याला अडीच महिने झाले व्हते. सुनेनं लेकरू पुढं केलं, घ्या म्हणली. मला दोन दिसली. एकावर एक. कोणतं धरू? हात पुढं केला अन् मागं घेतला."

एक डोळा झाकून घ्यायचं होतं, असं वहिदाच्या ओठांवर आलं होतं. ते साखराबाईला न सांगता कळलं.

"झाकून बी बघितलं. एका डोळ्यानं अंतर कळंना. एकदा घेतली तर हातातून सुटली, बाजंवर पडली म्हणून वाचली. अन् सून म्हणायला लागली, लेकराकडं वाकड्या डोळ्यानं बघून राहिली म्हातारी. बाप खाऊन आली म्हणून शिवत न्हाई."

"तुम्ही सांगितलं नाहीत का त्यांना?"

"लई सांगितलं. चष्मा येणार हाय म्हणलं. पुढच्या खेपेला बाई आणणार हाय, आला की पहिल्यांदा हिलाच कडेवर घेते. दीड वरीस वाट बघितली तिनं. तुमची गाडी यायची बंद झाली. सून म्हणली, कसला चष्मा अन् कसलं काय. पोरीला घेऊन मुखेडला गेली, माहेरी."

पुढचं वहिदाला पहिल्या दिवशीच थोडंथोडं कळलं होतं, फक्त त्याचा अर्थ लागला नव्हता. आरतीची आई मुखेडला अंगणवाडीत होती. तिला रजा मिळेना आणि पोरीला लातुरात एकटीला ठेववेना, म्हणून पंधरा वर्षांनी सासूला निरोप गेला होता: खोली घेतली आहे, स्वयंपाकाला येऊन राहा. आजी आणि नात एका खोलीत महिन्याभरापूर्वीच राहायला लागल्या होत्या.

आरतीने आजीकडे पाहिलं नाही. तिने मापांची पेटी पाहिली, पट्टी पाहिली, आणि अभ्यासातली शंका विचारावी तशा आवाजात विचारलं,

"मॅडम, ही काच तेव्हा होती?"

वहिदाला खोटं बोलता आलं असतं. तेव्हा इतकं सोपं नव्हतं, असं म्हणता आलं असतं, आणि ते थोडंफार खरंही होतं.

"होती," ती म्हणाली. "आकडा माझ्याकडे लिहिलेला होता. हैदराबादला पाठवून चष्मा मागवायचा, एवढंच राहिलं होतं."

तेवढ्यात डॉक्टर आले. हात पुसत पुसतच आले, आणि चष्म्यावरची काच त्यांच्या लगेच ध्यानात आली. त्यांनी वहिदाकडे पाहिलं, माप आधी घेतलं ना, एवढंच विचारलं आणि आकडा पाहून मान हलवली. मग संमतीचा छापील कागद आणि शाईचं पॅड टेबलावर ठेवलं. आजींना लिहिता-वाचता येत नसेल तर नातीने वाचून दाखवावं, असं त्यांनी अगदी सौजन्याने सुचवलं. आरतीने वाचायला सुरुवात केली.

"भूकंपात डोक्यास इजा होऊन सोळा वर्षे उपचार न घेतलेल्या रुग्णांच्या डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यास."

"न घेतलेल्या न्हाई," साखराबाई म्हणाली. "न दिलेल्या."

डॉक्टर हसले, आणि हसण्यात तिरकसपणा नव्हता.

"आजी, लेख इंग्रजीत असतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, अनट्रीटेड."

साखराबाईने पॅडकडे पाहिलं आणि उजवा हात पदराखाली घेतला. आज न्हाई, ती म्हणाली. घाई नाही, डॉक्टर म्हणाले. कागद वहिदाकडे सरकवला, साक्षीदाराच्या जागी तिची सही लागेल याची आठवण करून दिली आणि ते पुढच्या खोलीत गेले.

वहिदा उठून खिडकीपाशी गेली. खाली क्लास सुटला होता. पाठीला सारख्याच पिशव्या लावलेली पोरं रस्ता भरून चालली होती. ती परत आली आणि साखराबाईसमोर खुर्ची ओढून बसली. माफी कशी मागायची ते तिने मनात जुळवून ठेवलं होतं. त्यात डॉक्टरांचं नाव दोनदा येत होतं.

"डॉक्टरांनी तेव्हा..." तिने सुरुवात केली.

"त्यांचा हात कवाच लागला न्हाई मला," साखराबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "ते खुर्चीवर बसून लिहायचे. लावणारी तू, काढणारी तू."

मग ती नातीला चल म्हणाली. क्लासची वेळ झाली होती. पण आरती उठली नाही. तिने दप्तरातून मोबाइल काढला आणि एक नंबर लावला. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. पलीकडे घंटी वाजायला लागल्यावर तिने फोन स्वतःच्या कानाला न लावता टेबलावरून वहिदापुढे धरला.

"आई आहे," ती म्हणाली. "मी सांगितलं तर तिला वाटेल आजीनं शिकवलं. तुम्ही सांगा."

नको गं, आता सांगून काय व्हायचंय, असं साखराबाई पुटपुटली. तरी तिने नातीचा हात खाली केला नाही. वहिदाने फोन घेतला. मुखेडला कुठेतरी लेकरांचा गलका चालला होता, ती एका सुरात पाढे म्हणत होती. त्यातून एका बाईचा आवाज आला.

"आरते? बोल की. कोण बोलून राहिलंय?"

वहिदाचं नाव सांगून त्या बाईला काही कळणार नव्हतं. तिने श्वास घेतला.

"शेडात डोळे मोजायला यायची ना," ती म्हणाली, "ती बोलतेय."

पलीकडे लेकरांचे पाढे चालूच होते. मग त्या बाईने त्यांना गप्प बसवलं.